दुष्काळ, शोक आणि ख्रिस्ती आशा : पंडिता रमाबाईंच्या कार्याचा एक अभ्यास

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यावर अवघ्या चार-पाच वर्षांत तीन आपत्ती कोसळल्या. १८९६-९७ चा दुष्काळ, १८९६ मध्ये मुंबईत प्रकट होऊन सर्वत्र पसरलेला प्लेग आणि १८९९-१९०० चा महादुष्काळ या त्या आपत्ती होत. यांपैकी शेवटचा दुष्काळ संवत १९५६ वरून 'छप्पनचा दुष्काळ' म्हणून लोकस्मृतीत राहिला. गुजरात व अहमदनगर यांच्याबरोबर खानदेशालाही त्याची तीव्र झळ बसली. कापूस आणि ज्वारीच्या या प्रदेशात पाऊस फिरला की शेतमजूर व भिल्ल यांच्या हाती काहीच उरत नसे.

पाचोरा, जळगाव, भुसावळ या गावांवरून जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग मध्य प्रांताला दख्खनशी जोडत होता. भुसावळहून पाचोऱ्यावरून मनमाड, तेथून दौंड आणि त्यापुढे पुण्याच्या वाटेवर केडगाव हे लहानसे स्थानक लागते. याच केडगावी पंडिता रमाबाईंनी दुष्काळपीडित मुली व विधवांसाठी 'मुक्ती' ही संस्था उभारली. असह्य दुःखात ख्रिस्ती श्रद्धेने दिलेले सांत्वन म्हणजे नेमके काय होते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात रमाबाईंच्या जीवनाच्या आधारे केला आहे. हे सांत्वन दुःखाचे स्पष्टीकरण देण्यात नव्हते, तर दुःखिताला दुसऱ्याच्या दुःखासाठी उभे करण्यात होते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

दुःखाची पूर्वपीठिका

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलींना संस्कृत शिकवले. तीर्थयात्रा व पुराणकथन यांवर या कुटुंबाचा निर्वाह चाले. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत पडलेल्या दुष्काळात अन्नावाचून आधी वडील, मग आई आणि पुढे थोरली बहीण अशी तिघे गेली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी देशभर भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथे विद्वत्सभेने 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या देऊन त्यांचा गौरव केला. परंतु १८८० मध्ये बंधू निवर्तले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. १८८२ मध्ये पटकीने पतीचेही निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षी एका तान्ह्या मुलीसह त्या एकाकी उरल्या.

हा तपशील देण्याचे कारण असे की, पुढील काळातील त्यांची श्रद्धा सुखवस्तू घरातील चिंतनातून आलेली नव्हती. उपास, अंत्यसंस्कारास माणसे न मिळणे आणि देवाला हाक मारूनही उत्तर न येणे यांचा अनुभव त्यांच्या गाठीस होता.

स्पष्टीकरणाचा नकार

विधवेचे दुःख हे तिच्याच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ होय, ही समजूत तत्कालीन समाजात दृढ होती. १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या इंग्रजी ग्रंथात रमाबाईंनी या समजुतीवर कठोर टीका केली. दुःखाचे कारण सांगणारी ही विचारसरणी दुःखिताच्या माथी दोषही मारते, हे त्यांनी ओळखले होते.

ख्रिस्ती धर्मातही दुःखाला अपराधाची शिक्षा मानणारे प्रवाह आहेत. परंतु बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथात नीतिमान मनुष्यावर संकटे येतात आणि त्याला दोषी ठरवणारे मित्रच अखेरीस चुकीचे ठरतात. स्तोत्रसंहिता व विलापगीते यांत देवापुढे केलेली तक्रार ही प्रार्थनाच मानली आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी तर सांत्वनाचा हेतूच असा सांगितला आहे की, ज्याला सांत्वन लाभले त्याने ते संकटातील इतरांस द्यावे. रमाबाईंच्या पुढील कार्यावरून पाहता हाच विचार त्यांना सर्वाधिक जवळचा होता, असे म्हणता येते.

ही श्रद्धा एका दिवसात आलेली नाही. सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण अंतःकरणाला खरी शांती त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी मिळाली, असे त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. दरम्यान वाँटेजच्या भगिनींशी धर्मतत्त्वे व धर्मसत्ता यांवर त्यांचा तीव्र वाद झाला.

दुष्काळ आणि मुक्ती

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातील दुष्काळाच्या वार्ता आल्या, तेव्हा रमाबाई पुण्यात शारदा सदन चालवीत होत्या. आपल्या उपासमारीच्या स्मृतीने अस्वस्थ होऊन त्या प्रत्यक्ष तिकडे गेल्या. तेथील अन्नछत्रांची व मदत-छावण्यांची दुर्दशा आणि निराधार मुलींना फसवून नेणारे दलाल यांचे वर्णन त्यांनी १८९७ मध्ये लिहून प्रसिद्ध केले. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग असल्याने त्यांना तेथे ठेवता येईना. म्हणून केडगावच्या माळरानावरील जमिनीवर आधी तंबू व झोपड्या आणि मग इमारती उभ्या राहिल्या. १८९९-१९०० च्या दुष्काळात आणखी मुली आल्या आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

शारदा सदनातील आधीच्या विद्यार्थिनी नवागतांच्या सांभाळासाठी पुढे आल्या. शेती, विणकाम, दुग्धशाळा, छापखाना, शाळा, अंध स्त्रियांचे शिक्षण असे उद्योग सुरू झाले. काल जिला घास भरवावा लागला, ती आज दुसरीला भरवू लागली. येथे आशा ही परलोकापुरती मर्यादित न राहता विहीर, पीक आणि अक्षर यांच्या रूपाने दिसू लागली.

या आशेने अन्यायाविरुद्धचा आवाज दडपला नाही, हेही महत्त्वाचे आहे. पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध १८९७ मध्ये रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यातील आरोप फेटाळले.

एक अवघड प्रश्न

भुकेल्या मनुष्याने स्वीकारलेली श्रद्धा स्वतंत्र असते काय? हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला. शारदा सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या आक्षेपावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. 'केसरी'नेही कडक टीका केली. केडगावच्या मुलींपुढे अन्न, आश्रय आणि धर्म एकाच हातातून येत होते. त्यांच्या स्वतःच्या शब्दांतील साक्ष अल्प आहे. बहुतांश वृत्तान्त उद्धारकर्त्यांच्या लेखणीतून उतरले आहेत. म्हणून प्रत्येकीच्या अंतरीच्या श्रद्धेविषयी निर्णय देणे इतिहासकाराला शक्य नाही. मात्र ज्यांना कोणी विचारत नव्हते त्यांना जगवले गेले आणि त्यांच्या हाती कसब दिले गेले, हे नाकारता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवूनच मुक्तीचे मूल्यमापन व्हावयास हवे. दुष्काळानंतर खानदेश व वऱ्हाडात वाढलेल्या मिशनकार्याचा अभ्यासही याच दृष्टीने होणे इष्ट ठरेल.

समारोप

रमाबाईंच्या उत्तरायुष्यातही दुःखाने पाठ सोडली नाही. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती कन्या व सहकारी मनोरमा वारली. हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या स्त्रियांना समजेल अशा मराठीत बायबल आणण्याचे काम तेव्हा चालू होते. ते त्यांनी थांबवले नाही. मुद्रितांचे काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. हे बायबल १९२४ मध्ये प्रकाशित झाले. केडगावच्या छापखान्यात त्याचे काम तेथील स्त्रियांनीच केले होते.

आई-वडील, भावंडे, पती आणि अखेर कन्या यांचा वियोग का घडला, याचे उत्तर रमाबाईंना मिळाल्याचे त्यांच्या लेखनात दिसत नाही. त्यांना मिळाली ती सोबतीची खात्री आणि त्या खात्रीतून आलेले कर्तव्य. दुःखाला अर्थ असतोच असे नाही. परंतु दुःख भोगलेल्या मनुष्याच्या पुढील कृतीला अर्थ असू शकतो. ख्रिस्ती आशेचे महाराष्ट्राच्या इतिहासातील हे रूप धर्मभेदापलीकडेही विचारार्ह आहे.