निकेलसंवेदनशीलता आणि स्वयंपाकाची भांडी

निकेल या धातूशी वारंवार संपर्क आल्याने काही व्यक्तींच्या शरीरात जी विलंबित प्रकारची अधिहर्षता, म्हणजे ॲलर्जी, निर्माण होते, तिला निकेलसंवेदनशीलता म्हणतात. संपर्कानंतर लगेच नव्हे, तर साधारणतः एक ते तीन दिवसांनी त्या जागी खाज, लाली व बारीक पाणीदार पुटकुळ्या दिसू लागतात, आणि एकदा जडलेली ही संवेदनशीलता बहुधा जन्मभर टिकते. कान टोचल्यावर घातलेले खोटे दागिने हे तिचे नेहमीचे उगमस्थान असल्यामुळे ती पुरुषांपेक्षा स्त्रियांत बरीच अधिक आढळते. भांड्यांमुळे ती सहसा सुरू होत नाही. मात्र जडलेली संवेदनशीलता अन्नातून पोटात गेलेल्या निकेलमुळे उफाळून तळहातांवर आणि बोटांच्या कडांना पुटकुळ्या येऊ शकतात, म्हणूनच भांड्यांचा विचार करावा लागतो.

स्टेनलेस स्टील हे एकाच घडणीचे पोलाद नाही. ‘३०४’ प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के किंवा थोडे अधिक निकेल असते. ‘४३०’ प्रतीत निकेल जवळजवळ नसते, तर ‘२००’ मालिकेतील पोलादांत किंमत उतरवण्यासाठी निकेलचा बराचसा वाटा कमी करून मँगॅनीज घातलेले असते. तथापि पोलादात निकेल किती आहे यापेक्षा त्यातून अन्नात किती उतरते, हा खरा प्रश्न आहे. पोलादावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर असतो व तोच धातूला अन्नापासून अलग ठेवतो; आम्ल, मीठ, उष्णता आणि वेळ एकत्र आले की हा थर कमकुवत होतो. त्यामुळे भात शिजवताना किंवा दूध तापवताना उतरणारे निकेल नगण्य असते, पण चिंचेचे सार वा टोमॅटोचा रस्सा तासन्‌तास उकळत ठेवला, किंवा लोणचे स्टीलच्या डब्यात मुरू दिले, तर ते वाढते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात टोमॅटोचा रस्सा स्टीलमध्ये पुनःपुन्हा शिजवून पाहिला असता, कोऱ्या धातूतून सर्वाधिक निकेल उतरले, सहाव्या खेपेनंतर प्रमाण स्थिरावले, आणि दहाव्या खेपेसही १२६ ग्रॅमच्या एका वाढपात सरासरी ८८ मायक्रोग्रॅम निकेल सापडले. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये ठरवलेली दैनंदिन सह्य मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे १३ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसासाठी ७८० मायक्रोग्रॅम. निरोगी व्यक्तीने स्टीलची धास्ती घेण्याचे कारण नाही, हे यावरून स्पष्ट होते. संवेदनशील व्यक्तीने मात्र आंबट पदार्थ शिजवण्यापुरते व साठवण्यापुरते तरी स्टील टाळणे श्रेयस्कर.

भांड्याला लोहचुंबक लावून पाहण्याची रीत उपयोगी असली तरी अपुरी आहे. ‘४३०’ ला चुंबक चिकटतो, परंतु ‘३०४’ व ‘२००’ मालिका या दोहोंनाही तो सहसा चिकटत नाही; शिवाय इंडक्शन शेगडीसाठी बनवलेल्या भांड्याच्या बुडाला चुंबक घट्ट बसतो, पण अन्नाला लागणारा आतला पृष्ठभाग पुष्कळदा ‘३०४’ चाच असतो.

पर्याय निवडतानाही सावधगिरी हवी. स्टील सोडून कल्हई उडालेल्या पितळेत कढी करणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय, कारण तांबे उतरून पदार्थ कळकतो. तापवलेल्या भांड्यावर नवसागर टाकून कथलाचा थर दिलेली ताजी कल्हई असेल, तरच ते वापरावे. लोखंडी कढई व बिडाचा तवा निकेलच्या दृष्टीने चांगले, मात्र त्यांत आंबट पदार्थ काळा पडतो. तो काचेच्या किंवा टवका न उडालेल्या एनॅमलच्या भांड्यात करावा.

निकेल काजू, शेंगदाणे, सोयाबीन, मसूर, ओट व कोको यांत निसर्गतःच असते आणि कित्येकदा त्याचा वाटा भांड्यातून उतरणाऱ्या निकेलपेक्षा मोठा असतो. पण डाळी सरसकट वर्ज्य केल्यास शाकाहारी माणसाच्या ताटातील प्रथिनेच हिरावली जातात. यासाठी भांडी वा आहार बदलण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञाकडून पट्टी-चाचणी करून घ्यावी. तीत निकेल सल्फेटचे मलम पाठीवर चिकटवून ४८ तासांनी व पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा तपासतात.