राजमाची कुणाची होती?

काजव्यांच्या दिवसांत कर्जतला लोकलमधून उतरून, कोंडिवड्यातून चढून तुम्ही राजमाचीला गेला असाल. वर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, पायथ्याला कर्जत-खालापूरची भातखाचरं. फोटो काढून होतात, पिठलं-भाकरी होते, आपण उतरतो. 1713 साली हा किल्ला मराठ्यांनी मराठ्यांकडूनच घेतला, हे मात्र वर कुणी सांगत नाही.

तेव्हा मराठ्यांच्या दोन गाद्या होत्या. त्या कशा झाल्या, ते कळायला 1689 मध्ये जावं लागतं. संभाजी महाराजांना औरंगजेबाने ठार केलं, रायगडाला वेढा पडला. राजाराम महाराज गडावरून निसटले आणि मजल दरमजल करत थेट तमिळ मुलखातल्या जिंजीला पोचले. त्याच वर्षी रायगड पडला. येसूबाई आणि लहानगे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. आता राजा जिंजीत आणि राज्य सह्याद्रीत. दर वेळी हुकूम मागायला इतक्या लांब माणूस कोण धाडणार? म्हणून इकडचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांवर सोपवला गेला, ‘हुकूमतपनाह’ असा किताब देऊन.

ही सोय चालली, कारण कारभारी दोन असले तरी शिक्का एकाच राजाचा होता. पण तिची किंमत मोजावी लागली. शिवाजी महाराजांचा भर रोख पगारावर होता. जिंजीच्या काळात खजिना रिकामा, तेव्हा सरदारांना मुलूख तोडून देणं आलं. ज्याच्या हाती स्वतःचा मुलूख आला, त्याला राजाची गरज तेवढीच कमी झाली.

रोमनांनी हाच प्रयोग आधी करून बघितला होता. डायोक्लेशियनने 286 मध्ये आपल्या बरोबरीने दुसरा सम्राट नेमला आणि 293 मध्ये चौघांत साम्राज्य वाटलं. हे सम्राट राहिले निकोमिडिया, सिर्मियम, मिलान, ट्रियर अशा शहरांत, सरहद्दीवर लवकर पोचता यावं म्हणून. सिनेट मात्र रोममध्येच बसत राहिली, मानाने. 305 मध्ये डायोक्लेशियन पायउतार झाला आणि थोड्याच वर्षांत वारसदार एकमेकांवर तुटून पडले. थोरल्याचा शब्द सगळे मानत होते, तोवर वाटणी टिकली.

आपल्याकडे 1700 मध्ये राजाराम महाराज गेले. 1707 मध्ये औरंगजेब मेला आणि शाहू सुटून आले. ताराबाईंनी त्यांचा हक्क मानला नाही. सात वर्षं मोगलांशी लढलेल्या बाईने तो का मानावा, हाही प्रश्नच आहे. 1708 मध्ये शाहूंनी साताऱ्यात राज्याभिषेक करवून घेतला. ताराबाईंनी पन्हाळा-कोल्हापूरकडे आपली गादी मांडली.

आता राजमाची. समुद्रावर कुलाबा किल्ल्यात कान्होजी आंग्रे होते, ताराबाईंच्या बाजूने. 1713 मध्ये ते घाट चढून आले. त्यांनी लोहगड घेतला, राजमाची घेतली, आणि चाल करून आलेले शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्या कैदेत पडले. म्हणजे खुद्द पेशवाच अडकला! शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं दिली आणि बोलणी करायला पाठवलं. 1714 मध्ये तह झाला. कान्होजी साताऱ्याच्या बाजूला आले, सरखेलपद आणि किल्ले त्यांच्याकडे राहिले. राजमाचीही.

सातारा आणि कोल्हापूर यांची वाटणी कागदावर आली ती 1731 च्या वारणेच्या तहात; नदी ही हद्द ठरली. मला विचाराल तर खरी वाटणी आधीच, या 1714 च्या तहात झाली होती. निष्ठा मिळवायची तर मुलूख सोडायचा, हा सौदा तिथे पक्का झाला. आणि तो जमवून आणणारा पेशवा राजापेक्षा मोठा होत गेला.

1749 मध्ये शाहू गेले. सातारा ही राजधानी नाही, असं कधीच कुणी जाहीर केलं नाही. पेशवाईची वस्त्रं शेवटपर्यंत तिथूनच यायची. पण अर्ज-विनंत्या घेऊन माणसं निघायची ती पुण्याला. याचा पुरावा खालापूर तालुक्यात आहे. खोपोलीतला मोठा तलाव आणि महादेवाचं देऊळ नाना फडणविसांनी बांधलं. बोरघाटाच्या पायथ्याशी, पुण्याहून समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर. घाटाखाली पुण्याचा कारभारी पाण्याची सोय करतो, यावरून सत्ता कुठे होती ते कळतं.

पुढे इंग्रज आले. 1840 मध्ये आंग्र्यांचं संस्थान खालसा झालं. 1869 मध्ये कुलाबा हा वेगळा जिल्हा झाला, त्याचं ठाणं आंग्र्यांच्याच अलिबागेत. कर्जत आणि त्यातलं खालापूर तेव्हा ठाणे जिल्ह्यात राहिलं. ते कुलाब्याला जोडलं गेलं 1891 मध्ये. 1981 मध्ये कुलाब्याचं नाव रायगड झालं. नाव शिवाजी महाराजांच्या राजधानीचं, कलेक्टर मात्र कान्होजींच्या गावात.

आजही कर्जतहून ठाण्याची लोकल मिळते. जिल्ह्याच्या कचेरीत काम निघालं, की खोपोली, पेण करत अलिबाग गाठायचं.