‘दीनबंधू’ आणि तानूबाई

पेपरात आपल्या गावाचं नाव कधी येतं? अपघात झाला, कुणी विहिरीत पडलं, नाहीतर पुढारी येऊन गेला की. बाईला मजुरी किती मिळते, हे क्वचितच छापून येतं. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी तर त्याहून वाईट होतं. म्हणून आज आम्ही ‘दीनबंधू’ची हकिकत सांगणार आहोत.

१ जानेवारी १८७७ ला कृष्णराव भालेकरांनी पुण्यात हे साप्ताहिक काढलं. भालेकर भांबुर्ड्याचे, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. साल दुष्काळाचं. पेपर शेतकऱ्या-कष्टकऱ्यांचा, त्यामुळे पैशाची कायम ओढाताण. शेवटी १८८० मध्ये तो मुंबईला नारायण मेघाजी लोखंड्यांच्या हाती गेला.

मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा कोकणातून आणि घाटावरून गेलेली आपलीच माणसं राबत होती. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि आठवड्याची सुट्टी नाही. लोखंड्यांनी हे गाऱ्हाणं पेपरातही मांडलं आणि सभांतही. २४ एप्रिल १८९० ला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. हे वाचलं तेव्हा आम्ही थबकलोच. एवढ्या गर्दीत, माइक नसताना! १० जून १८९० ला गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी, विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं मुंबईच्या न्हाव्यांनी ठरवलं. त्यामागेही लोखंडेच होते.

सगळंच धाडसाचं होतं, असंही नाही. फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणं ‘दीनबंधू’ने छापली आणि पुढची छापायची थांबवली. आपल्याच माणसांच्या पेपराने हात आखडता घेतला, याचा जोतीरावांना राग आला. आम्हाला तो राग पटतो. पण पेपर बंद पडण्याची लोखंड्यांची भीतीही समजते.

१८९७ च्या प्लेगमध्ये लोखंडे गेले. पुढे पेपर वासुदेवराव बिर्जे यांनी सांभाळला. १९०६ साली तेही गेले आणि मागे राहिल्या त्यांच्या पत्नी तानूबाई. वय तिशीचं. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या, सत्यशोधकी घरात वाढलेल्या. नवरा गेलेल्या बाईने चारचौघांत यायचं नाही, असं मानणारी घरं तेव्हा पुष्कळ होती. पेपर बंद केला असता तर कुणी बोलही लावला नसता. तानूबाईंनी तो हातात घेतला आणि १९१२ पर्यंत चालवला. मजकूर बघायचा, अग्रलेख लिहायचे, वर्गणीची वाट बघायची आणि पुढच्या आठवड्याचा अंक वेळेवर काढायचा. बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला ही कसरत वेगळी सांगायला नको. देशातली पहिली स्त्री संपादक म्हणून आज त्यांचं नाव घेतात. १९१३ साली त्या गेल्या.

‘दीनबंधू’चे जुने अंक आता फार थोडे सापडतात. त्यामुळे तानूबाईंनी काय काय लिहिलं, यातलं बरंचसं आपल्या हाती नाही. तुमच्या माळ्यावर पणज्याच्या वेळचं एखादं बाड असेल, तर रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा. काही मिळालं तर आम्हाला कळवा.