सोलापूरच्या रामजोशीचे मुखपृष्ठ कोणते?

१/
मोबाईलवर ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटाचे एखादे गाणे लावले, की पडद्यावर एक चौकोनी चित्र उमटते. कधी ते लावण्यांच्या एखाद्या संकलनाचे रंगीत छायाचित्र असते, कधी चित्रपटाचे पोस्टर, तर कधी नुसतेच करडे चिन्ह. यांपैकी गाण्याचे मूळ मुखपृष्ठ कोणते? एकही नाही. ते कधी नव्हतेच. हा धागा त्या नसलेल्या मुखपृष्ठाविषयी आहे.

२/
रामजोशी हा उत्तर पेशवाईतला सोलापूरचा शाहीर. शास्त्री-पुराणिकांच्या घरात जन्म आणि मन मात्र तमाशाच्या फडात. त्याच्यावरचा राजकमलचा चित्रपट १९४७ साली आला. जयराम शिलेदार, हंसा वाडकर, गदिमांची गीते आणि वसंत देसाई यांचे संगीत. त्या काळी गाणी घरी न्यायची तर एकच साधन होते: मिनिटाला ७८ फेरे घेणारी, लाखेची, दहा इंची तबकडी. एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत.

३/
ही तबकडी ज्या पाकिटातून येई, ते साधे कागदी असे. त्यावर कंपनीचे बोधचिन्ह, विक्रेत्याचे नाव, ग्रामोफोनच्या सुयांची जाहिरात. मधोमध मोठे गोल भोक, त्यातून तबकडीचे लेबल वाचता यावे म्हणून. आज नाट्यपद ज्या पाकिटात, उद्या अभंगही त्यातच. पाकिटाचा गाण्याशी काही संबंध नसे. गाण्याचा चेहरा म्हणजे ते सुमारे तीन इंचांचे वर्तुळ.

४/
त्या वर्तुळाचे मोल जाणायचे तर थोडे मागे जावे लागेल. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गोहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. गाणे संपताच त्या इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारीत. कारण तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोव्हरला, आणि लेबलावर कोणाचे नाव घालायचे हे तिथल्या कारागिराला कळायला हवे. (कलकत्त्याचा कारखाना १९०८ चा.) म्हणजे आपल्याकडे लेबल हा आवाजाचाच लेखी भाग होता. गायक, गीतकार, संगीतकार, चित्रपट आणि क्रमांक, सारे तिथे.

५/
चित्रमय मुखपृष्ठ ही पुढची गोष्ट. अमेरिकेत कोलंबिया कंपनीच्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइसने १९४० च्या सुमारास ही प्रथा रुजवली. तोवर अनेक तबकड्या फोटोंच्या वहीसारख्या बाडात बांधून विकत. ‘अल्बम’ हा शब्द तिथूनच आला. १९४८ मध्ये लाँग प्ले आली आणि बारा इंची चौरस चित्रकारांना मोकळा झाला. आपल्याकडे तो आणखी उशिरा पोचला. मग जुनी गाणी नव्या संकलनांत शिरली, नव्या वेषात. आजच्या डिजिटल फाइली अनेकदा त्या संकलनांवरूनच झालेल्या असल्याने १९४७ चा आवाज कितीतरी नंतरचा अंगरखा घालून फिरतो.

६/
संग्राहकाने काय करावे? माझे मत स्पष्ट आहे: ७८ च्या गाण्याला लेबलाचेच चित्र लावावे. मिळाले नाही तर त्या चित्रपटाची गाण्यांची चोपडी शोधावी. थिएटरच्या दारात विकल्या जाणाऱ्या या पातळ पुस्तिकांवर कलावंतांची चित्रे आणि आत सगळी गाणी असत. ती निदान त्याच वर्षाची आहे. संकलनाचे चित्र लावायचेच असेल तर साल संकलनाचे लिहावे, १९४७ नव्हे.

७/
आता आकाराचा हिशेब. तीन इंची लेबल ६०० डीपीआयने स्कॅन केले तर १,८०० पिक्सेल मिळतात. मोबाईलला पुरून उरतात. लाँग प्लेचे कव्हर सव्वाबारा इंची, ३०० डीपीआयने जवळपास ३,७००. अडचण एवढीच की ते ए-फोर स्कॅनरच्या काचेवर मावत नाही; तुकड्यांत स्कॅन करून जोडावे लागते. छपाईच्या ठिपक्यांमुळे चित्रावर लाटांसारखी जाळी दिसू लागली, तर स्कॅनरमधली ‘डीस्क्रीन’ सोय वापरावी.

८/
सोलापूर जिल्ह्याचा दुसरा आवाज म्हणजे प्रल्हाद शिंदे, मंगळवेढ्याचे. विठ्ठलाची गाणी असोत वा भीमगीते, त्यांचा आवाज खेडोपाडी पोचला तो मुख्यतः कॅसेटवरून. आणि कॅसेटचे कव्हर चौरस नसते! दर्शनी भाग साधारण चार इंच उंच, अडीच इंच रुंद. आजची अ‍ॅप मागतात चौरस, म्हणून कुणीतरी वरचे-खालचे कापते. कापले काय जाते? बहुधा तळाशी बारीक अक्षरांत छापलेली गीतकार-संगीतकारांची नावे. भीमगीते लिहिणाऱ्या कित्येकांच्या नावाचा दुसरा छापील पुरावाच उरलेला नसेल, तर ही कात्री साधी नाही. दोन्ही बाजूंना कोरी पट्टी सोडावी. दिसायला ओबडधोबड, पण चित्र अखंड.

९/
तीन हजार पिक्सेलचे चित्र सापडले म्हणून हुरळून जाऊ नये. तीनशेचे चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने फुगवलेले असू शकते. चेहरे गुळगुळीत होतात, देवनागरीची मात्र वाट लागते: काने-मात्रा जागा सोडतात, जोडाक्षरांच्या जागी नुसत्या रेघा उरतात. म्हणून आधी अक्षरे वाचून पाहावीत, चेहरा नंतर.

१०/
शोधायचे कुठे? पोस्टर आणि चोपड्यांसाठी पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४). तबकड्यांसाठी मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’. तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाचे जुने अंक म्हणजे खजिना आहे. जगभरच्या कव्हरांसाठी म्युझिकब्रेन्झ आणि इंटरनेट अर्काइव्ह यांनी २०१२ मध्ये उभारलेले ‘कव्हर आर्ट अर्काइव्ह’. तिथे पुढची, मागची आणि लेबलाची चित्रे वेगवेगळी ठेवता येतात. मराठीची भर तिथे आपणच घालायला हवी.

११/
घरी जुन्या कॅसेट असतील तर सुरुवात तिथूनच करा. कव्हर पूर्ण उलगडून, सपाट करून, दोन्ही बाजू स्कॅन करा. घडीवरचा मजकूर आधी हाताने उतरवून घ्या. शाई सर्वांत आधी उडते ती तिथलीच.