पेटीची लाख, तबकडीची लाख

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, पण तबकड्या छापून आल्या जर्मनीतल्या हॅनोवरहून. कलकत्त्यात कारखाना निघाला तो १९०८ साली. गंमत म्हणजे तबकडीला लागणारी लाख मात्र आपल्याकडूनच तिकडे जायची! पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या किड्यांची.

हे आठवायचं कारण, आमच्या जालन्याच्या घरातला आजोबांचा चावीचा ग्रामोफोन. पेटीवरची कोरीव वेलपट्टी तुटलेली. काकांचं मत, फेव्हिकॉल लावा, वरून चकचकीत पॉलिश मारा, नाहीतर सरळ विकून टाका. सुतारमामांनी फेव्हिकॉलला साफ नकार दिला. जुना जोड सरसाचा. ऊब आणि ओल दिली की सुटतो, पुन्हा बसतो. फेव्हिकॉलने जोडलं तर पुढच्या वेळी लाकूडच फाटायचं. हरवलेलं पान त्यांनी जुन्या सागातून, रेषा जुळवून कोरलं आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडीचे हात दिले. आता चपडी म्हणजे लाखच की! पेटीला आणि तबकडीला एकच द्रव्य.

म्हणूनच, मंडळी, जुन्या तबकड्या स्पिरिटने पुसू नका, विरघळतील.

काका अजून विकायचंच म्हणतात. पण परवा स्वतःच चावी देत बसले होते.