कपाशीचे अनुदान : एक जुना दाखला

वऱ्हाडातील आपल्या ज्ञातीच्या घरांचा कपाशीशी संबंध फार जुना. इ. स. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेस जावयाचा थांबला आणि आपल्या कापसास सोन्याचा भाव आला, ही हकीकत आपण सर्वच वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो आहोत. परंतु त्याच अमेरिकेत पुढे सरकारने उभे पीक मोडण्याकरिता शेतकऱ्यांस पैसे मोजले, हे थोड्यांच्याच वाचनात आले असेल.

१९२९ साली तेथे रुईला रत्तलामागे सुमारे १७ सेंट भाव होता. १९३२ मध्ये तो ६ सेंटांच्या आसपास उतरला. गोदामे जुन्या गाठींनी भरलेली. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने मे १९३३ मध्ये कृषी समायोजन कायदा केला; पण तोवर पेरणी उरकली होती. तेव्हा सुमारे एक कोटी एकरांवरील पऱ्हाटी नांगरून टाकविण्यात आली आणि जमिनीच्या उताऱ्याप्रमाणे एकरी ७ ते २० डॉलर देण्यात आले. हा पैसा गिरण्यांवर बसविलेल्या करातून उभा केला होता. असे सांगतात की, तासांमधून चालावयास शिकविलेली खेचरे पिकावर पाय द्यावयास तयार होईनात. जनावरास जे कळले ते माणसास कळू नये, असे माझ्यासारख्या जुन्या शिक्षकास वाटते. पण दुसऱ्या बाजूने पाहता भाव चढला, हेही नाकारता येत नाही.

खरा प्रश्न पुढेच आहे. दक्षिणेतील कापूस बव्हंशी बटईदार पिकवीत. त्यांत काळे होते तसे गोरेही होते. १९३४ व १९३५ च्या करारांत रत्तलामागे सारे मिळून साडेचार सेंट ठरले. त्यांतील चार मालकास आणि अर्धा बटईदारास! तोही पुष्कळदा जुन्या उधारीत वळता होई. जमीन पडीक राहिली म्हणजे हातही कमी लागतात. मालकांनी बटईदारांस घरांतून काढले. करारातील सातव्या कलमात कुळांची संख्या 'शक्य तितकी' कायम ठेवावी असे म्हटले होते. शक्य काय ते ठरविणारा अर्थातच मालक.

जुलै १९३४ मध्ये आर्कान्सा राज्यातील टायरोंझा येथे काळ्या व गोऱ्या बटईदारांनी एकत्र बसून आपला संघ काढला. त्या काळी त्या मुलखात ही सामान्य गोष्ट नव्हे. जीच माणसे शेतावर होती तीच ठेवली पाहिजेत, असा त्या कलमाचा अर्थ कृषी खात्यातील काही वकिलांनी लावला; फेब्रुवारी १९३५ मध्ये त्यांतील प्रमुखांस नोकरीतून दूर करण्यात आले. जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द ठरविला, तो मात्र करावरून, बटईदारावरून नव्हे. पुढील योजनांत बटईदाराचा वाटा वाढविला, तेव्हा कित्येक मालकांनी त्याच माणसांस रोजमजुरीवर घेतले, म्हणजे वाटा देणे नको.

हे इतके विस्ताराने लिहिण्याचे कारण घरचे आहे. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन यांकरिता महाराष्ट्र शासनाने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देऊ केले. २०२४ च्या दसऱ्याच्या सुमारास ते खातेदारांच्या खात्यांत जमा होऊ लागले. आपल्यापैकी पुष्कळांची बिऱ्हाडे आज अमरावती-नागपुरास आहेत, सातबारावर नाव आपले आहे आणि पऱ्हाटीत वाकणारी पाठ दुसऱ्याची आहे.

माझेही तसेच. पाच एकर बटईने दिलेले. बियाणे-खत निम्मेनिम्म, राबणे सगळे त्याचे. दहा हजार रुपये माझ्या खात्यावर आले, आणि खरे सांगावयाचे तर पंधरा दिवस मी त्याविषयी त्याच्याजवळ चकार शब्द काढला नाही. मग एके दिवशी शेतावर जाऊन पाच हजार त्याच्या हाती ठेवले.

"हे कायचे पैसे, गुरुजी?" त्याने विचारले.

मी त्यास टायरोंझाची हकीकत सांगू लागलो. त्याने थोडी ऐकली, नोटा दोनदा मोजल्या, आणि वेचणीच्या बाया सांगावयास तो गावाकडे निघून गेला.