गिरणींतील मातेचा हक्क

मुंबईच्या कापडगिरण्यांत सहस्रावधि स्त्रिया राबत असत. पण बाळंतपणासाठीं घरीं राहणें म्हणजे तितक्या दिवसांच्या मजुरीस मुकणें होय, हाच तेथील व्यवहार होता. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें या प्रश्नाकडे जगाचें लक्ष वेधलें. ना. म. जोशी यांनीं १९२४ मध्यें मध्यवर्ती कायदेमंडळांत तसें विधेयक मांडलें; तें फेटाळलें गेलें.

पुढें १९२८ सालीं असवले यांचें विधेयक मुंबई कायदेकौन्सिलापुढें आलें. त्यास पाठिंबा देतांना डॉ. आंबेडकर यांनीं प्रसूतिकालीन विश्रांति ही राष्ट्रहिताची बाब ठरविली. म्हणून या खर्चाचा मोठा भार वस्तुतः सरकारनें उचलावा, असें त्यांचें मत होतें. तथापि स्त्रीच्या श्रमांचा लाभ घेणाऱ्या मालकासही त्यांनीं जबाबदारींतून मुक्त केलें नाहीं.

१९२९ चा मुंबईचा कायदा हा या विषयावरील हिंदुस्थानांतील पहिला. मुंबई शहरांत त्यानें दररोज ८ आणे भत्ता ठरविला. भार मात्र एकट्या मालकावर पडला, आणि स्त्रियांस कामावर न घेण्याचा मोह त्यांतूनच उत्पन्न झाला. १९६१ च्या अखिल भारतीय कायद्यानें १२ आठवडे, तर २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांसाठीं २६ आठवडे रजा दिली. तरी खर्च कोणीं सोसावा, हा १९२८ मधील वाद मिटला नाहीं. जिला कायमचा मालकच नाहीं, त्या शेतमजूर स्त्रीनें हा हक्क कोणाकडे मागावा, हा तर त्याहून कठीण प्रश्न होय.